मराठवाड्यात फिरताना छोट्या एशियन फ्यूजन हॉटेलात जेवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळ-अजिंठ्याला येणारी मंडळी, नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला उतरणारे यात्रेकरू, लेकराला क्लासला सोडायला लातूरला आलेले आईबाप, परळी-औंढ्याचं ज्योतिर्लिंग करून मुक्कामाला शहरात परतणारी कुटुंबं. पूर्वी यांचा एकच प्रश्न असायचा, चांगली भाकरी कुठे मिळेल? आता त्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या पोरांना रामेन (रश्श्यातल्या जपानी नूडल्स) हवं असतं आणि आजीला कांदा-लसूण चालत नाही. म्हणून ही प्रश्नोत्तरं. कुठल्याही एका हॉटेलाची जाहिरात यात नाही.

एशियन फ्यूजन म्हणजे चायनीजचंच नवं नाव ना?

थोडंफार तसंच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपण ज्याला चायनीज म्हणतो तेच मुळात मिश्रण आहे. कोलकात्याच्या टांगरा भागातल्या हक्का चिनी कुटुंबांनी आपल्या जेवणात हिरवी मिरची, आलं-लसूण घातलं, तिथून ते सुरू झालं. मंचुरियन तर मुंबईतलं. नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं असं सांगितलं जातं. चीनमधल्या मांचुरियात जाऊन कुणी मंचुरियन मागितलं तर लोक तोंडाकडे बघत राहतील.

फरक पडतो तो मेन्यूच्या पसाऱ्यात. गाडीवर नूडल्स, राईस, मंचुरियन, ट्रिपल राईस एवढ्यावर भागतं. फ्यूजनवाल्याकडे तिबेटी मोमो, थाई करी, जपानी रामेन, आंबवलेल्या कोबीची कोरियन किमची, ब्रह्मदेशी खाऊ-स्वे हे सगळं एका कार्डावर येतं आणि त्याला इथल्या जिभेप्रमाणे वळण दिलेलं असतं. दहा-बारा टेबलांचं हॉटेल, आत एक मुख्य कुक, दोन हाताखालची पोरं. एवढ्या माणसांनी सहा देशांचा स्वयंपाक रोज चांगला करावा ही अपेक्षा धरू नका. कार्ड जितकं लांब, तितकं फ्रीजरमधलं जास्त, हा माझा ठोकताळा. दोन पानांचं कार्ड दिसलं की मी निश्चिंत होऊन बसतो.

अशी हॉटेलं आहेत तरी कुठे?

छत्रपती संभाजीनगरात सिडकोतलं कॅनॉट, निराला बाजार, उस्मानपुरा आणि जालना रोडच्या आसपास. लातूरला ट्युशन एरियात आणि औसा रोडला, कारण राज्यभरातून क्लाससाठी आलेली पोरं हेच तिथलं मोठं गिऱ्हाईक आहे. नांदेडला भाग्यनगर-आनंदनगरच्या बाजूला. परभणी, बीड, जालना, धाराशिव इथे चायनीज भरपूर, पण त्यापुढचं काही शोधायचं तर कॅफेच्या पाट्या बघत फिरावं लागतं.

गावाबाहेरच्या ढाब्यावर 'पंजाबी, चायनीज, तंदूर, थाई' अशी पाटी दिसली तर डाळ-तडका आणि रोटी मागवा. समृद्धी महामार्गावरून मुंबई-नागपूर करणाऱ्यांनी तर शहरात शिरायची तयारी असेल तरच या फंदात पडावं.

संभाजीनगरात आमची एकच रात्र आहे. तेव्हा फ्यूजन खावं का?

नको. एकच रात्र असेल आणि मांसाहार चालत असेल तर जुन्या शहरात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खा. शाकाहारी असाल तर ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. फ्यूजन दुसऱ्या संध्याकाळसाठी ठेवा, जेव्हा लेण्यांच्या पायऱ्या चढून पाय भरून आलेले असतात, गेल्या दोन-तीन जेवणांत तिखट रस्सा झालेला असतो आणि वाफाळत्या सूपचा वाडगा समोर यावा असं वाटतं. पाहुणे तीन-चार दिवसांचे असतील आणि बरोबर तरुण मुलं असतील, तर एक जेवण इथे घ्यायलाच हवं.

मग मागवायचं काय?

या पानावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर जरा लांबवतो.

समुद्र इथून फार लांब. नारळ बाहेरून येतो, लेमनग्रास, आल्यासारखं गलांगल, काफिर लिंबाची पानं मोठ्या शहरातून फ्रोझन किंवा बाटलीत येतात. तेव्हा ज्या पदार्थाचा सगळा जीव या बाहेरच्या मालात आहे, तो इथे उणाच उतरणार. पण एशियाई स्वयंपाकाला लागणारं बरंच काही मराठवाड्याच्या मातीतच आहे, आणि शहाणा कुक ते वापरतो. ते कुठे वापरलंय हे हुडकून तेच मागवायचं.

चिंच घ्या. थायलंडच्या पॅड थाई नूडल्सची आंबट-गोड चव चिंचेच्या कोळातून येते. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमाराला तिथल्याच कास्तीच्या कोथिंबिरीलाही. चिंच ताजी भिजवून कोळ काढलेली असेल तर पॅड थाईचा रंग तपकिरी येतो. केचप घातलेलं असेल तर लालभडक. समोर लाल आलं की समजून जा.

शेंगदाणा तर घरचाच. इंडोनेशियाच्या साते सॉसमध्ये तो, पॅड थाईवर भुरभुरलेला तो, कितीतरी व्हिएतनामी सॅलडांतही तो. ज्या घरात रोज कूट होतं तिथल्या माणसाला साते सॉस समजावून सांगावा लागत नाही. साते चिकन किंवा साते पनीर हे इथल्या छोट्या हॉटेलात सहसा फसत नाही.

खाऊ-स्वे जरूर बघा. ब्रह्मदेशातल्या या नूडल्सच्या नारळी रश्श्याला दाटपणा बेसनाने आणतात. पिठलं येणाऱ्या हाताला बेसनाच्या गाठी मोडणं आधीच येतं, त्यामुळे इथला खाऊ-स्वे कधीकधी मोठ्या शहरांपेक्षा उजवा लागतो. वर घालायला तळलेला कांदा, उकडलेलं अंडं, लिंबू, लाल तिखट, कोथिंबीर वेगवेगळ्या वाट्यांत येतं, म्हणजे तिखट कमी-जास्त करणं आपल्या हाती. ब्रह्मदेशात अंबाडीसारखीच आंबट पानं परतून खातात. एखाद्या कुकला अंबाडीची भाजी नूडल्सवर घालायची बुद्धी झाली असेल तर ती थाळी सोडू नका.

ठेच्याचं तर विचारूच नका. थायलंडचं नाम प्रिक हेही खलबत्त्यात मिरच्या-लसूण कुटूनच करतात, फक्त त्यात बहुतेकदा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट पडते. मोमोबरोबरच्या बाटलीतल्या लाल सॉसऐवजी हिरव्या मिरचीचा ठेचा आहे का, एवढं विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी पोरांच्या जेवणासाठी आत केलेला असतो आणि मागितला तर आनंदाने देतात.

व्हिएतनामच्या फो सूपमध्ये चक्रीफूल आणि दालचिनी असते. आपल्या काळ्या मसाल्यातही दोन्ही असतात. म्हणून फोचा पहिला घोट घेतल्यावर मराठवाड्यातल्या माणसाला वास ओळखीचा लागतो आणि चव अनोळखी. बरोबरच्या ज्येष्ठांना रामेनपेक्षा फो लवकर पटतो, हे मी बऱ्याच टेबलांवर पाहिलंय.

सोयाबीनचं मात्र नवल आहे. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं, आणि हॉटेलात सोया सॉस येतो बाहेरच्या बाटलीतून. इथलं सोयाबीन बहुतांश तेलाला आणि पेंडेला जातं. टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, ताजा मिळाला तर घ्या, पॅकेटमधला असेल तर पनीर बरं.

ज्वारीचे मोमो दिसले तर हौस म्हणून एक प्लेट घ्यायला हरकत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने पारी पातळ लाटता येत नाही, म्हणून त्यात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. पूर्ण ज्वारीची पारी हवी म्हणून हट्ट धरलात तर मोमो वाफेवरच फुटतो.

सुशी खावी का?

सुशी म्हणजे मासा किंवा भाजी घातलेल्या जपानी भाताच्या वळकट्या. कच्च्या माशाची नको. जायकवाडीच्या नाथसागरात रोहू, कटला, मरळ मिळतात, पण गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचाच नसतो, त्यात परजीवींचा धोका असतो. समुद्राचा मासा बर्फात घालून इथवर येतो. कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर किमान ७ दिवस गोठवलेला असावा लागतो, आणि वाटेत ती थंडी तुटता कामा नये. छोट्या हॉटेलाला एवढी सोय परवडणं कठीण.

काकडी, गाजर, अॅव्होकॅडो, तळलेली कोळंबी, अंडं, पनीर यांची सुशी खुशाल खा. भात ताजा आणि कोमट आहे का तेवढं बघा. फ्रीजमधला टणक भात आला तर परत करा, संकोच करू नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. 'व्हेज' लिहिलेलं सगळं चालेल ना?

इथे जरा सावध राहा. वेटर खोटं बोलतो म्हणून नाही. त्याच्या लेखी तुकडे नसले की पदार्थ व्हेज असतो. एशियाई स्वयंपाकात मासे आणि कोळंबी दिसत नाहीत, ती बाटलीत असतात.

फिश सॉस म्हणजे मीठ घालून आंबवलेल्या माशांचा रस. थाई आणि व्हिएतनामी जेवणात तो आपल्या मिठाच्या जागी पडतो. ऑयस्टर सॉस कालवांचा. थाई रेड आणि ग्रीन करी पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते, आणि छोट्या हॉटेलात पेस्ट घरी वाटत नाहीत, डबा फोडतात. किमचीत फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपचं पाणी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातरणांचं असतं. रामेनचा रस्सा हाडांचा. व्हेज रामेन म्हणून त्याच रश्श्यात भाज्या टाकून देणारेही भेटतात. एग नूडल्सचं नावातच आहे, पण साध्या चाऊमीनला कुठली नूडल्स वापरली हे विचारल्याशिवाय कळत नाही. मोमोच्या सॉसमधलं मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं, तेही विचारा. शेवटी येणाऱ्या डेझर्टमध्ये जिलेटिन असू शकतं. चायना ग्रास असेल तर ते शेवाळाचं, ते चालतं.

उपाय सोपा आहे. 'यात नॉनव्हेज आहे का' असं विचारू नका, उत्तर 'नाही' असंच येईल. 'यात कुठले सॉस पडतात, बाटल्या दाखवता का?' असं विचारा. डबाबंद मालावर हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, हे छापलेलं असतं. ऑयस्टर सॉसच्या जागी मशरूमचा शाकाहारी सॉस मिळतो, फिश सॉसच्या जागी सोया सॉस आणि मीठ चालतं. करी पेस्टही बिनकोळंबीची बाजारात आहे. हे सगळं माहीत असलेला मालक बाटल्या स्वतःच टेबलावर आणून ठेवतो. ज्याच्या कपाळावर आठ्या पडतात, त्याच्याकडे फ्राईड राईस खाऊन निघावं.

तवा, कढई, तळणीचं तेल वेगळं आहे का, हा पुढचा प्रश्न. दहा टेबलांच्या हॉटेलात ते बहुधा नसतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी 'प्युअर व्हेज' पाटीच्या एशियन हॉटेलातच जावं. ती लातूर, नांदेड, संभाजीनगर तिन्हीकडे मिळतात, कारण मारवाडी, गुजराती, जैन आणि वारकरी कुटुंबांचं गिऱ्हाईक मोठं आहे.

जैन जेवण, चातुर्मास, एकादशी: यांचं काय?

कांदा-लसणाशिवाय नूडल्स आणि फ्राईड राईस करून देतात, पण आधी सांगावं लागतं. सॉस बाटलीतला असेल तर त्यात बहुधा लसूण असतो, त्यामुळे 'फक्त सोया, व्हिनेगर, मिरी' असं नेमकं सांगा. बटाटा-गाजर नको असेल तर कोबी, सिमला मिरची, फरसबी, मका पुरतात. मशरूमचं प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

उपवासाला इथे काही मिळणार नाही, शोधूही नका. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आलेल्यांनी उपवास सोडायला थाई करी निवडली तर पोट कुरकुर करतं. आधी साधा वरणभात.

अजिनोमोटो घालतात का? ते वाईट असतं ना?

बहुतेक ठिकाणी घालतात. नको असेल तर सांगा, घालणार नाहीत. पण तयार सॉसमध्ये ते आधीच असू शकतं, ते काढता येत नाही.

वाईट म्हणाल तर, टोकियोतल्या किकुनाए इकेडा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव देणारा ग्लुटामेट वेगळा केला, आणि पुढच्याच वर्षी तो अजिनोमोटो नावाने विकायला आला. तोच ग्लुटामेट टोमॅटोत आणि मशरूममध्ये निसर्गतः असतो. अन्नातल्या नेहमीच्या प्रमाणात त्याने अपाय होतो असं जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञ समित्यांना आढळलेलं नाही. काहींना खाल्ल्यावर डोकं जड वाटतं, त्यांनी टाळावं.

माझी तक्रार वेगळी आहे. अजिनोमोटोवर एवढी चर्चा करणारा माणूस सोया सॉसच्या मिठाबद्दल चकार शब्द काढत नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. घरात कुणाला रक्तदाब असेल तर 'सोया कमी, मीठ वेगळं नको' एवढं सांगा आणि रामेनचा रस्सा वाडगा उचलून संपवू नका.

ॲलर्जी असेल तर?

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने मराठवाड्यात एशियन फ्यूजन टाळलेलंच बरं. कूट इथे न सांगता पडतं आणि तळायला शेंगदाण्याचं तेलही असू शकतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर वर सांगितलेले सगळे सॉस तुम्हालाही लागू. गव्हाचं ग्लूटेन चालत नसेल तर लक्षात ठेवा, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तांदळाच्या नूडल्स मागवल्या तरी सॉस तोच पडणार. 'ॲलर्जी' म्हटलं की काही ठिकाणी 'आवडत नाही' असं ऐकलं जातं. 'खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल' असं सरळ म्हणा.

तिखट किती असतं?

इथलं 'मिडियम' म्हणजे पुण्या-मुंबईचं तिखट. 'तिखट चालतंय का?' असं विचारलं तर मराठवाड्याच्या माणसाला चालतंय का असा त्याचा अर्थ घ्या आणि एक पायरी खाली उतरून सांगा. लहान मुलांसाठी क्लिअर सूप, साधे वाफेचे मोमो, अंड्याचा फ्राईड राईस बिनमिरचीचा करून देतात. थाई ग्रीन करीतली मिरची रंगामुळे सौम्य वाटते, पण ती फसवी.

आजी-आजोबांना न्यायचं का?

न्या, पण आधी जिना आहे का बघा. ही हॉटेलं भाड्याच्या गाळ्यांत, बहुधा पहिल्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट नसते. खुर्च्या उंच स्टुलांच्या असतील तर कोपऱ्यातलं साधं टेबल मागा. आजीला चॉपस्टिक्स कशाला, म्हणून आपणच चमचा मागून मोकळं होऊ नये. नातवंडांसमोर त्यांना हौस असते, निदान एकदा धरून बघू द्या. जेवायला मात्र सगळ्यांनी चमचा-काटा घेतला तरी कुणी हसत नाही. थायलंडमध्ये भात-करी चमच्यानेच खातात.

दातांचा विचार करा. वाफेचे मोमो, खाऊ-स्वे, मऊ भाताचं कॉन्जी हे चालतं. कॉन्जी म्हणजे पेजच, आणि आजी तसं म्हणतीलही. वेटरचा हिरमोड झाला तरी त्यांचं बरोबर आहे.

पाणी, बर्फ, सॅलड यांचं काय बघायचं?

पाणी बहुतेक ठिकाणी जारचं किंवा आरओचं असतं. बर्फ कुठल्या पाण्याचा हे विचारा, उत्तर गडबडलं तर बर्फाशिवाय घ्या. व्हिएतनामी राइस-पेपर रोलमध्ये कच्ची पानं असतात. पावसाळ्यात तो टाळा, हिवाळ्यात बिनधास्त खा.

आणि ग्लास भरून घेऊन अर्धवट ठेवू नका. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा पाहिलेल्या वेटरसमोर भरलेले ग्लास सोडून उठणं बरं दिसत नाही.

कधी जावं? बुकिंग लागतं का?

सोमवार ते गुरुवार नाही. शनिवार-रविवारी संध्याकाळी आठनंतर वाट बघावी लागते, कारण वाढदिवसाचे केक कापणाऱ्या टोळ्या येतात आणि टेबलं जोडून घेतात. साडेसात ही चांगली वेळ. दुपारी तीन ते सहा स्वयंपाकघर बंद असू शकतं, फोन करून निघा. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. संध्याकाळी तिथून परतून, आंघोळ उरकून टेबल गाठेपर्यंत नऊ वाजतात. त्या दिवशी खोलीवर पार्सल मागवणंच सुखाचं.

लग्नसराईत एक गंमत होते. हॉटेलचा मुख्य कुक लग्नाच्या केटरिंगला गेलेला असतो आणि स्वयंपाकघर हाताखालच्या पोरावर असतं. 'आज शेफ आहेत का?' असं विचारायला लाजू नका.

हे कुक बहुतेकदा नेपाळचे, दार्जिलिंगचे किंवा ईशान्येकडचे असतात. गर्दी नसेल तेव्हा 'तुमच्याकडे घरी कसं करतात, तसं काही मिळेल का?' असं विचारून बघा. कार्डावर नसलेला थुक्पा (नूडल्सचं तिबेटी सूप) समोर येतो, आणि तोच जेवणातला सगळ्यात चांगला पदार्थ ठरतो.

खर्च किती? बिलात काय तपासायचं?

गाडीवरच्या प्लेटच्या दुप्पट-तिप्पट धरा. एकेक प्लेट मोठी असते. चौघांनी चार मुख्य पदार्थ मागवले तर एक उरतो, तीन मागवून वाटून खा.

साध्या हॉटेलाच्या बिलावर जीएसटी ५ टक्के लागतो. मालक छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल, म्हणजे उलाढाल दीड कोटीच्या आत ठेवून त्याने ती निवडलेली असेल, तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि बिलावर तसं लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. बिलात आपोआप आला असेल तर काढायला सांगा, वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. एका हॉटेलात 'सर्व्हिस चार्ज' खोडून त्याच रकमेचा 'स्टाफ वेल्फेअर' लावलेला मी पाहिलाय. तोही तसाच काढायला लावायचा. वेटरने चांगलं वाढलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त लावल्यावर भांडू नका, बसून जेवण्याच्या ठिकाणी तसं घेता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. बिलावर अन्नपरवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा. तो नसेल तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

आमच्याबरोबर जपानहून पाहुणे आलेत. त्यांना घरचं वाटेल म्हणून इथे नेऊ का?

अजिंठा-वेरूळच्या जतनाच्या आणि पर्यटनाच्या कामाला जपानच्या कर्जाचं मोठं साहाय्य मिळालं आहे, आणि बौद्ध लेण्यांमुळे जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंकेहून लोक येतच असतात. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तुमच्या शहरातली सुशी दाखवण्यात काय हशील? हुरड्याचे दिवस असतील तर शेतावर न्या, नसतील तर भाकरी-पिठलं. ते आजारी पडले किंवा मसाल्याने हैराण झाले तर मात्र फ्यूजन हॉटेल कामाला येतं. साधा वाफाळता भात, क्लिअर सूप, अंड्याचं ऑम्लेट, थोडा सोया सॉस. आधी फोन करून सांगितलंत तर कार्डाबाहेर करून देतात.

उरलेलं पार्सल नेलं तर सकाळी रेल्वेत खाता येईल का?

नूडल्स आणि भात नको. शिजवलेला भात उबेत राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा तासाभरातच फ्रीजमध्ये जायला हवा. खोलीत फ्रीज असेल तर वाफेचे मोमो रात्रभर टिकतात, सकाळी हॉटेलवाल्याला तव्यावर परतून द्यायला सांगा. रस्सा, नारळाची करी, मेयोनीजचे सॉस तिथेच संपवा. सहाच्या गाडीने निघणार असाल तर पार्सलच्या नादी न लागता स्टेशनबाहेर पोहे किंवा मुरमुऱ्यांचा सुशीला खा, तेव्हा गरम असतं.